अंतराळातली शेड

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा बाजरीच्या कोठीला पुढच्या खोलीतून बाहेर पडावं लागलं. राहात्याच्या बाहेर, साखर कारखान्याच्या रस्त्याला आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. चौघांच्या घरात पाचवं माणूस मुक्कामाला आल्यासारखा तो कॉम्प्युटर आला. माझा थोरला भाऊ, संजूदादा, नगरला कोर्स करून आला होता आणि पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेलं हे मशीन त्याने टेम्पोत गादीवर निजवून आणलं होतं. त्यावर तो लग्नपत्रिका करणार होता, विहारातल्या पौर्णिमेच्या कार्यक्रमाची पत्रकं करणार होता, लेटरहेडं करणार होता. आईने मशीनला जुन्या साडीचा झगा शिवला. उन्हाने स्क्रीनवरचं दिसत नाही म्हणून दादाने खिडकीला घोंगडी टांगली. त्या खोलीत भर दुपारी दिवेलागण व्हायची. बाहेर कारखान्याचा भोंगा व्हायचा, मळीचा आंबूस गोड वास पत्र्याच्या फटीतून आत यायचा आणि आत दादा एका बोटाने ‘आमचे येथे’ टाइप करत बसलेला असायचा.

विकणाऱ्याने मशीनमधलं काही पुसलंच नव्हतं. त्यात त्या ऑफिसची जुनी पत्रं होती, कुणाच्या तरी मुलीचा बायोडाटा होता (मुलगी गोरी, सडपातळ, भरतकामाची आवड) आणि एक खेळ होता. खेळात आपलं एक अंतराळयान. माल भरायचा आणि एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात न्यायचा. स्टेशन म्हणजे काळ्या आभाळात लटकलेला एक प्रचंड डबा, स्वतःभोवती सावकाश फिरणारा. त्याच्या तोंडाला एक अरुंद दार, दाराच्या दोन्ही बाजूंना दिवे. यान दाराच्या नेमकं समोर आणायचं, स्टेशनाच्याच गतीने स्वतःला फिरवत ठेवायचं, वेग उतरवायचा आणि अलगद आत शिरायचं. याला म्हणायचं डॉकिंग. ते दोन तऱ्हांनी करता येई. एक म्हणजे बाणांच्या कळा दाबत आपल्या हाताने. दुसरी तऱ्हा सोपी. एक कळ दाबायची की यान स्वतःच सगळं करायचं. दादा ती कळ दाबायचा आणि चहा प्यायला आत जायचा. परत येईपर्यंत यान स्टेशनात उभं असायचं.

आमचे वडील, अण्णा, कारखान्याची बस चालवायचे. शिफ्टचे कामगार आणायचे-सोडायचे आणि शाळेच्या दिवसांत कॉलनीतली पोरं शाळेत न्यायचे. कितीतरी वर्षं ती एकच बस. संध्याकाळी ती रिव्हर्समध्ये शेडात घालायची हा त्यांचा रोजचा मानाचा क्षण. शेड बसपेक्षा जेमतेम हातभर रुंद. नवे ड्रायव्हर दोन-तीनदा मागेपुढे करायचे. अण्णा एका दमात घालायचे, तेही डाव्या हाताने मिशी पुसत. आणि त्याच अण्णांनी त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, दिवस मावळताना, बस शेडाच्या डाव्या खांबावर घातली. खांबाला फार काही झालं नाही. पण खांबामागे वाहन विभागाचे साहेब, गाडेकर, यांची नवीन स्कूटर उभी होती. तिच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. अपघातानंतरही ते प्लास्टिक शाबूत होतं, बाकी स्कूटर नव्हती.

“पंधरा दिवस घरी बसा,” गाडेकर साहेब म्हणाले. “सुट्टी संपायच्या आधी ट्रायल घेतो. जमलं तर बस, नाहीतर ऊस मोजायच्या काट्यावर झाडू मारा.”

घरी बसलेला ड्रायव्हर ही काय चीज असते ते ज्याच्या घरी बसलाय त्यालाच ठाऊक. पहिल्या दिवशी अण्णांनी सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या दिवशी आईच्या शिलाई मशीनला घातलं, त्यामुळे शेजारच्या काकूंच्या झंपराला तेलाचा डाग पडला. तिसऱ्या दिवसापासून ते चुलीपाशी पाट टाकून बसले आणि आईला भाकरी थापताना सांगू लागले, “डावीकडं जाड राहिली. जरा फिरीव. हां, आता येऊ दे.” आईने चार भाकरी ऐकून घेतलं. पाचवी तिने त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, “ही तुमी आना शेडात.”

त्याच दुपारी, तिथून हाकलले गेल्यावर, ते पुढच्या अंधाऱ्या खोलीत आले. मी अकरावीत होते, दिवाळीची सुट्टी होती आणि मी दादाशेजारी पत्रिकांचं शुद्धलेखन तपासत बसले होते. दादाने नुकतीच ती कळ दाबली होती.

“हे काय चाललंय?” अण्णांनी विचारलं.

“डॉकिंग. यान त्या स्टेशनात लावायचं.”

“शेडात घालायची म्हन की.” ते वाकून बघू लागले. “मग तू घालीत का न्हाईस? हात बांधून का बसलाय?”

“आपोआप होतं अण्णा. मशीन करतं.”

“आपोआप? मग तुजं काय काम तिथं?”

“काहीच नाही. तेच तर!” दादा खुशीत आला. “पुढं सगळ्याच गाड्या अशा होतील बघा. ड्रायव्हर लागणारच नाही.”

आतल्या खोलीत भाकरी थापायचा आवाज थांबला. दादालाही आपण काय बोलून गेलो ते कळलं, पण तोवर यान अगदी सुबक, सावकाश, न हलता-डुलता स्टेशनात शिरलं होतं. अण्णांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “उठ. मला बसू दे.”

त्यांनी आधी स्टूल पुढेमागे करून बेतलं. बनियन खाली ओढलं. पायाखाली काहीच नाही म्हणून त्यांना चुकल्यासारखं झालं, तेव्हा मी दोन पाट ठेवले, एक ब्रेकचा आणि एक क्लचचा. ते कशालाही जोडलेले नव्हते, पण अण्णांनी ते शेवटपर्यंत वापरले. “हॉर्न कुठाय?” त्यांनी विचारलं.

“अंतराळात हवा नसते अण्णा, हॉर्न ऐकूच जाणार नाही.”

“वाजवायला काय जातंय?”

हॉर्न नव्हता. पण मागचं दाखवणारी एक कळ होती. ती सापडल्यावर अण्णांचा चेहरा खुलला. “हा तर आरसा!” मग पाऊण तास ते यान वळवून, मागचं बघत, रिव्हर्समध्ये स्टेशनात घालायच्या खटपटीत होते. दादा परोपरीने सांगत होता की इथे नाकच आधी घालायचं असतं, यानाला रिव्हर्स नाही. अण्णांना ते पटेना. “सकाळी निघताना वळवनार कुठं? सरळ घालनारा ड्रायव्हर आळशी.” शेवटी नाइलाजाने त्यांनी नाक पुढे केलं, दोन्ही पाट दाबले आणि यान दाराच्या डाव्या बाजूला धाडकन आपटलं. स्क्रीन पांढरा झाला.

मग अण्णा म्हणाले, “किती मान्सं हुती आत?”

“कुणी नाही. नुसता माल होता.”

“ड्रायव्हर तर हुता,” अण्णा म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या घरात दोन पक्ष होते. दादाचा पक्ष आपोआपवाला, अण्णांचा हातवाला. आई ज्वारी निवडत दाराशी बसायची आणि कुणाच्याच पक्षात नव्हती, कारण तिच्या मते दोघांनीही दळण आणायला जायला हवं होतं. दादाचं म्हणणं, यंत्र चुकत नाही. अण्णांचं म्हणणं, चुकत नसेल, पण त्याला कुणी विचारलं की बाबा तू कसं घातलंस तर सांगता येईल का? पत्रिकांचं काम तुंबलं. प्रूफ बघायला आलेली माणसं खेळ बघत थांबू लागली. अस्तगावचे एक वधूपिता पत्रिका तपासायला आले आणि दीड तास बसले. “पाहुनं, जरा उजवीकडं घ्या, उजवीकडं!” असं ओरडून ते तीनदा उठले. त्या भरात त्यांनी तपासलेल्या पत्रिकेत नवरीचं आणि नवऱ्याच्या आईचं नाव एकच छापून गेलं, ते पत्रिका गावभर वाटून झाल्यावर लक्षात आलं. (त्या बाई अजून बाजारात भेटतात. अजून हसतात. त्यांच्या सासूबाई मात्र गेल्या त्या आमच्यावरचा राग मनात ठेवूनच.)

मी अण्णांची किन्नर, म्हणजे गाडीवरची क्लीनर. त्यांच्या डाव्या हाताला उभी राहून, पत्र्यावर थाप मारावी तशी टेबलावर थाप मारत सांगायचे, “येऊ द्या, येऊ द्या, उजवी मारा, बास!” कळांवर त्यांचा हात लवकरच बसला. फिरणाऱ्या स्टेशनाबरोबर यान फिरवत ठेवणं दादाला कधीच जमलं नव्हतं, ते अण्णांना चौथ्या दिवशी जमलं. वेग तर ते असा उतरवायचे, दूध उतू जाताना आई पातेलं उतरवते तसा, नेमक्या क्षणाला. सगळं बरोबर यायचं आणि शेवटच्या घटकेला यान डाव्या बाजूला आपटायचं. दर वेळी तिथेच, पेरभर डावीकडे. दादाने स्क्रीन पुसला. मॉनिटरखाली पुस्तक सरकवलं. अण्णा म्हणत, “तुज्या मशीनच्या दिव्यांत काय तरी खोट हाय.”

एके दुपारी वधूपिते नव्हते, दादा दळण घेऊन गेला होता. यान दाराच्या अगदी जवळ आलं होतं. मी म्हणाले, “अण्णा, उजवीकडे. दार उजवीकडे आहे.”

“कुठलं?”

“दार.”

“अगं पन कुठलं दार? दोन हायेत की!”

मला वाटलं गंमत करतायत. “एकच आहे अण्णा.”

“एक ह्ये,” त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, बरोबर दारावर. “आनि एक ह्ये.” बोट पेरभर डावीकडे सरकलं. तिथे नुसता काळोख होता. “ह्ये जरा फिकट हाय. मी म्हनलं, जुनं दार आसंल, वापरात नसलेलं. मग म्हनलं फिकटच खरं आसंल, एवढं झगझगीत दार कोन ठेवतं?”

यान आपटलं. स्क्रीन पांढरा झाला आणि अण्णांनी डोळे मिटून घेतले, फार उजेड लागावा तसे.

मी उठून देवळीतला झिरोचा बल्ब लावला. “हा कसा दिसतो?”

“कसा म्हंजी? दिव्यासारखा. भवताली झिपऱ्या.”

“कसल्या झिपऱ्या?”

“दिव्याला आसत्यात त्या. पिवळ्या.” मग माझ्याकडे बघून ते जरा हळू म्हणाले, “तुला न्हाई दिसत?”

मी मान हलवली. त्यांनी आईला हाक मारली. आई हात पुसत आली आणि बल्बकडे बघून म्हणाली, “झिपऱ्या? दिव्याला कशाला आस्तील झिपऱ्या?” अण्णांनी आळीपाळीने एकेक डोळा झाकून पाहिला. मग खाली बसले. मला अजून आठवतं, ते घाबरलेले नव्हते, त्यांना लाज वाटत होती. “मला वाटलं समद्यांलाच दिसत्यात,” ते म्हणाले. “दोन वर्सं झाली आसंल. मला वाटलं, आता बल्बच आसे येत्यात.”

त्या रात्री आईने हुलग्याचं शेंगोळं केलं होतं. एरवी अण्णा दोनदा वाढून घ्यायचे. त्या दिवशी ताटात बोट फिरवत बसले. ट्रायल परवावर आली होती. सकाळी दहाला, लख्ख उन्हात. त्यात ते पास होणार यात आम्हा कुणालाच शंका नव्हती, दिवसा त्यांना एकच शेड दिसत होती. आणि डोळ्यांचं सांगितलं तर बस जाणार हेही नक्की होतं.

“आदी ट्रायल देतो,” अण्णा म्हणाले. “डोळ्याचं मागनं बघू. उन्हाळ्यात.”

दादा पटकन म्हणाला, “बरोबर आहे.” तो त्या दिवसांत काय वाट्टेल त्याला बरोबर म्हणत होता, ते ड्रायव्हर लागणारच नाहीचं वाक्य त्याला अजून टोचत होतं. मी सोळा वर्षांची होते, मला बोलायची हिंमत नव्हती, पण तोंडातून निघून गेलं, “सोमवारपासून शाळेची पोरं आहेत.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ताट सरकवून उठले. रागावले की काय या भीतीने मला झोप लागली नाही. आज सांगते, त्या एका वाक्याचा मला पुढे कितीतरी दिवस पस्तावा होत होता. लेकीने बापाची भाकरी काढून घ्यावी तसं वाटत होतं.

ट्रायलला दादा आणि मी दोघंही गेलो. गॅरेजातले सगळे मेकॅनिक काम टाकून उभे होते. गाडेकर साहेब खुर्ची टाकून बसले होते, आणि दुरुस्त होऊन आलेली स्कूटर त्यांनी फर्लांगभर लांब, चिंचेखाली लावली होती. अण्णा धुतलेला खाकी शर्ट घालून बसमध्ये चढले. इंजिन घुरघुरलं. मी नकळत टेबलावर मारावी तशी स्वतःच्या मांडीवर थाप मारली. बस मागे आली, जरा वळली, सरळ झाली आणि शेडात अशी शिरली की दोन्ही अंगांना सारखं अंतर. एका दमात, आणि मिशीही पुसून झाली. मेकॅनिकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब उठले, “हे तुम्हाला येत होतं, मग त्या दिवशी काय झालं होतं?” असं म्हणत किल्ली परत द्यायला पुढे झाले.

अण्णा खाली उतरले. किल्ली घेतली नाही. “साहेब, दिवसा जमतंय,” ते म्हणाले. “अंधार पडला, दिवं लागलं, का मला दोन शेडा दिसत्यात.”

साहेबांना समजेना. “दोन शेडा?”

“व्हय. एक खरी, एक बाजूला फिकट. त्या दिवशी मी फिकटीत घातली.”

“आणि माझी स्कूटर?”

“त्याबी दोन दिसल्या. मी मधनं काढायला गेल्तो.”

मग मागे कुठेतरी एका मेकॅनिकच्या तोंडून फुर्र असा आवाज आला, आणि तो दाबायला गेलेल्या दुसऱ्याचा पाना खाली पडला. मग सगळेच सुटले. गाडेकर साहेब तोंड कडक ठेवायचा फार प्रयत्न करत होते, पण त्यांची ढेरी आधी हलली आणि मग ते स्वतः. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी अण्णांना आपल्या खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि हळूच विचारलं, “हे आज सांगायलाच पाहिजे होतं का? किल्ली तर मी देतच होतो.”

“पोरं बसत्यात साहेब,” अण्णा म्हणाले. “सोमवारपास्नं.” आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

नगरच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. बातमी फुटल्यावर जो तो घरी येऊन “पिकलाय का?” असं पेरूच्या बागेची चौकशी करावी तसं विचारू लागला. पिकायची वाट न बघता डॉक्टरांनी एकेक करून दोन्ही डोळे केले, आत भिंग बसवलं. तोवर साहेबांनी त्यांना झाडू दिला नाही, गॅरेजात नवे ड्रायव्हर शिकवायला बसवलं. अण्णा हिरवी पट्टी बांधून खुर्चीत बसायचे आणि नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून सांगायचे, “डावी मार. आता सोड.” नवे ड्रायव्हर त्यांना घाबरून असायचे. पुढे तपासणी झाली, बस चालवायला योग्य असा शेरा मिळाला आणि एका सोमवारी ते पुन्हा पोरं घेऊन शाळेत गेले. निवृत्त होईपर्यंत बस त्यांच्याच हातात होती.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटल्यानंतरच्या दुपारचं. अण्णा काळा चष्मा काढून खोलीत आले, स्टूल बेतलं, पाट मागवले आणि खेळ सुरू केला. स्टेशन समोर आलं. ते बघतच राहिले. पुढे झुकले, मागे झाले.

“ह्ये एवढंच हुतं?” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“नुसत्या रेघोट्या हायेत की गं. डबा काढलाय पोरानं.” ते खरंच हिरमुसले होते. “आदी केवढा झगमगाट हुता. मला वाटायचं, शिर्डीत उत्सवाला रोशनाई आसती तसं काय तरी केलंय.”

तरी त्यांनी यान नेलं. मी थाप मारायला हात उचलला, पण गरज पडली नाही. यान स्टेशनाबरोबर फिरत फिरत, दोन्ही अंगांना सारखं अंतर ठेवून आत शिरलं. दादा आरडाओरडा करत आईला बोलवायला धावला. अण्णांनी मिशी पुसली आणि दादा परत आल्यावर स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

“आता तुजी ती आपोआपवाली कळ दाब,” ते म्हणाले. “मागं मला नीट दिसली नव्हती. बघू दे कशी घालती.”

दादाने कळ दाबली. चहा प्यायला तो गेला नाही. आम्ही चौघं त्या घोंगडीच्या अंधारात उभे राहून यान आपलं आपण वळताना, फिरताना, वेग उतरवताना बघत होतो. अण्णा मध्येच हुंकार देत होते, नव्या ड्रायव्हरला देतात तसा. यान आत जाऊन थांबलं.

“घालती बरी,” अण्णा म्हणाले. “फकस्त लई घाबरती. चार-सहा म्हयनं हाताखाली राहिली तर तयार हुईल.”

आणि ते आईबरोबर दळण आणायला निघून गेले.